लाल दिसू नये म्हणून

निवृत्तीनंतर लातूरच्या ज्या शिकवणी संस्थेत मी नोकरी केली, तिच्या स्मरणिकेत एक पान माझ्यावर आहे. शाल पांघरून, हातात नारळ धरून मी फोटोत असा उभा आहे की जणू तो नारळ मीच झाडावर चढून उतरवलाय. खाली मजकूर असा, की नांदेड केंद्राच्या निष्काळजीपणामुळे संस्थेची ऑनलाइन परीक्षा मध्येच बंद पडली, तेव्हा आमच्या ज्येष्ठ तंत्रज्ञांनी अनुभवाच्या बळावर परिस्थिती सावरली. या वाक्यात खरं एवढंच आहे की मी ज्येष्ठ आहे.

नांदेड केंद्र म्हणजे काही माणसांचा ताफा नव्हता. एक बाई होत्या, तिथला सर्व्हर सांभाळणाऱ्या. शिकलेल्या, इंजिनियर. परीक्षा बंद पडल्याचं खापर त्यांच्यावर फुटलं, त्यांची नोकरी गेली आणि नावही गेलं. नोकरी दुसरी मिळते. गेलेलं नाव मात्र लग्नाकार्यात, पंगतीत, तेराव्याला फिरत राहतं. ते मी घालवलं आणि परत मिळवून द्यायची खटपट फार उशिरा केली.

सरांना, म्हणजे संस्थेच्या मालकांना, मी म्हणालो होतो की पुढच्या स्मरणिकेत दुरुस्ती छापा. ते हसले. "काका, स्मरणिकेत दुरुस्ती नसती. स्मरणिकेत जाहिराती असत्यात." म्हणून ही दुरुस्ती इथं.

मी मूळचा टेलिफोन खात्यातला. आयुष्य एक्स्चेंजमध्ये गेलं. त्या काळी एक्स्चेंजच्या भिंतीवर एक घंटा असायची. बॅटरी उतरली, फ्यूज उडाला, केबल तुटली की ती वाजायची, आणि इतकी वाजायची की चहा धड पिता यायचा नाही. मग आम्ही घंटेच्या हातोडीवर कापूस बांधायचो. साहेब तपासणीला आले की कापूस काढायचा, साहेबांची जीप वळली की पुन्हा बांधायचा. आमच्याकडे कापसाचा साठा सरकारी दवाखान्यापेक्षा जास्त होता. बिघाड व्हायचे ते होतच राहायचे, लोक आठ-आठ दिवस फोनवाचून बसायचे, पण त्यांना तक्रार करायला फोनच लागायचा आणि तोच बंद असायचा. ही गोष्ट मी पाहुण्यारावळ्यांत मोठ्या अभिमानानं सांगत आलो. लोक हसायचे. एवढ्या पात्रतेवर सरांनी मला 'तंत्रज्ञान प्रमुख' नेमलं.

आमच्या लातुरात टक्के हे दैवत आहे. चौकाचौकात मुलांचे फ्लेक्स, प्रत्येकाच्या डोक्यामागे टक्क्यांचं तेजोवलय. नव्या माणसाची ओळख झाली की आधी मुलाचे टक्के विचारतात, नाव नंतर आठवलं तर. नांदेडही यात मागे नाही. तिथं शिकवण्यांची अख्खी वसाहत उभी आहे, म्हणून आमच्या सरांनीही तिथं केंद्र काढलं. दर रविवारी दोन्हीकडे संगणकावर परीक्षा व्हायची. दोन्ही गावी एकेक सर्व्हर, आणि शेजारच्या संस्थेनं घेतली म्हणून आम्हीही घेतलेली एक देखरेख यंत्रणा.

ही यंत्रणा म्हणजे सर्व्हरची नाडी बघणारा वैद्य. डिस्क किती भरली, मशीनवर ताण किती, लाइन जिवंत आहे का, हे ती सतत बघते. प्रत्येक गोष्टीला आपण मर्यादा ठरवून द्यायची. अमुक आकड्यापुढे गेलं की पिवळं, तमुक आकड्यापुढे लाल, आणि लाल झालं की मोबाइलवर इशारा. सगळं कौशल्य त्या मर्यादा ठरवण्यात. फार खाली ठेवल्या तर यंत्रणा दिवसभर कोल्हेकुई करते आणि माणसं ऐकेनाशी होतात. फार वर ठेवल्या तर ती तोंड उघडते तेव्हा घर जळून गेलेलं असतं.

मी काहीच ठरवलं नाही. कंपनीनं पाठवलेले आकडे जसेच्या तसे ठेवले. ऐंशीला पिवळं, नव्वदला लाल. नांदेडहून बाईंचा फोन आला.

"सर, हे आकडे कुणाचे?"

"कंपनीचे."

"कंपनीला आपला रविवार माहीत हाय का?"

मग त्याच म्हणाल्या, "आधी काही रविवार नुसतं बघू. परीक्षेला किती चढतंय, एरवी किती असतंय. मग ठरवू. इकडची डिस्क दर परीक्षेला फुगती, तिला सत्तरलाच लाल ठेवा. बाकीचं काय नव्वदला बी चालतंय."

"बघू," मी म्हणालो. सरकारी खात्यात 'बघू' म्हणजे नाही, आणि 'बघतो' म्हणजे कधीच नाही.

इशारे जायला एक व्हॉट्सॲप ग्रुप केला होता. त्यात मी आणि बाई असतो तर पुरे होतं. पण सरांनी सगळ्या शिक्षकांना घेतलं, हिशेबनिसाला घेतलं, स्वतःच्या मेव्हण्याला घेतलं आणि वॉर्डातल्या एका होऊ घातलेल्या नगरसेवकालाही घेतलं. रोज सकाळी त्यावर गुलाबाची फुलं आणि सुविचार पडायचे. त्या फुलांत एका रविवारी यंत्रणेचा पहिला इशारा येऊन पडला: नांदेड सर्व्हर, चौऱ्याण्णव टक्के.

मेव्हण्यांनी लगेच लिहिलं, 'हार्दिक अभिनंदन!'

मग काय विचारता. रसायनाच्या शिक्षकांनी पुष्पगुच्छ टाकला. भौतिकवाल्यांनी टाळ्या वाजवल्या. होऊ घातलेल्या नगरसेवकानं 'नांदेडचा अभिमान' असं लिहून स्वतःचा फोटो टाकला. कुणीतरी विचारलं, लातूरचं काय? यंत्रणेत बघून मी भाबडेपणानं लिहिलं, एक्केचाळीस. ग्रुपवर स्मशानशांतता पसरली. थोड्या वेळानं गणिताच्या सरांनी लिहिलं, 'लातूरनं आत्मपरीक्षण करावं.'

दुसऱ्या दिवशी सरांनी मला केबिनमध्ये बोलावलं. "काका, नांदेड चौऱ्याण्णव आणि आपण एक्केचाळीस? हेड ऑफिस कुणाचं हाय?"

"सर, यात कमी असलेलं चांगलं."

सरांनी माझ्याकडे ज्या नजरेनं बघितलं ती नजर मी विसरणार नाही. ज्या माणसानं आयुष्यभर दुसऱ्यांच्या मुलांना नव्वदच्या पुढे ढकलण्यावर इमारती बांधल्या, त्याला मी सांगत होतो की नव्वदच्या पुढे धोका असतो. "नव्वदला धोका म्हणतेत?" ते म्हणाले. "आमच्याकडं नव्वदला हार घालतेत."

इथवर हसण्यासारखंच होतं. पुढं प्रवेशाचा हंगाम आला. सरांनी स्वागतकक्षात भिंतभर टीव्ही लावून त्यावर आमची यंत्रणा दाखवायला सुरुवात केली. पालकांना वाटावं की इथून अवकाशयान सुटतं. वास्तुतज्ज्ञाला विचारून टीव्ही ईशान्येला लावला, त्यामुळे बघणाऱ्याच्या डोळ्यांवर नेमकं सकाळचं ऊन यायचं, तरी पालक हात कपाळावर धरून कौतुकानं बघायचे. नांदेडची ओळ दर रविवारी लाल व्हायची. एका पालकानं विचारलं, "हे लाल काय हो?" सरांनी त्यांना चहा पाजला, वाटेला लावलं आणि माझ्याकडे वळले.

"काका, सीझन हाय. लाल दिसू नये."

"सर, नांदेडची डिस्क भरत आलीय. नवी घ्यावी लागेल, नाहीतर जुन्या परीक्षांच्या नोंदी काढाव्या लागतील."

"डिस्कचं इचारलं का मी? लाल दिसू नये म्हणलं."

लाल दिसू नये याचे दोन मार्ग होते. एक म्हणजे डिस्क मोकळी करायची. त्याला दोन दिवस बसावं लागलं असतं. दुसरा म्हणजे लालची मर्यादा वर सरकवायची, त्याला एक बोट पुरतं. मी नव्वदचे पंच्याण्णव केले, पिवळं तर काढूनच टाकलं. पुढच्या आठवड्यात पुन्हा लाल दिसलं, तेव्हा अठ्ठ्याण्णव. मग नव्व्याण्णव. गावातल्या कॉलेजांची कटऑफ चढते तशी आमची चढत गेली, आणि मला त्यात काही वावगं वाटलं नाही. उलट सरांनी पाठ थोपटली.

आणखी एक करून ठेवलं. सर्व्हरकडून नाडीचा आकडा आलाच नाही तर यंत्रणा वेगळा इशारा द्यायची. नांदेडची वीज आणि लाइन दोन्ही लहरी, त्यामुळे तो इशारा रोज यायचा. मी तोही बंद केला. बाईंना ते कळलं तेव्हा त्यांचा फोन आला.

"सर, मग यंत्र ठेवलंच कशाला? फुलदाणी ठेवा. तिलाबी लाल होता येत न्हाई."

मला राग आला. मी सरांच्या कानावर घातलं की नांदेडच्या बाई कामाला बऱ्या आहेत, पण जरा फटकळ आहेत. मला माहीत होतं मी काय पेरतोय.

मग तो रविवार आला. त्या दिवशी शिष्यवृत्तीची परीक्षा होती. तीत वर आलेल्या मुलांना फुकट शिकवायचं जाहीर झालं होतं, म्हणून नांदेडला माहूरपासून, हिमायतनगरपासून मुलं आली होती. लातूरच्या स्वागतकक्षातही पालकांची गर्दी. सर इस्त्रीचे पांढरे कपडे घालून फिरत होते. मी टीव्हीपुढे उभा राहून पालकांना एकेक ओळ समजावून सांगत होतो. सगळं हिरवंगार.

मोबाइल वाजला. बाई.

"सर, पोरांची उत्तरं सेव्ह होईना गेलीत. पडद्यावर नुसतं गोल फिरून राहिलंय. डिस्क गच्च भरली. जुन्या नोंदी काढाव्या लागतील, त्याची परवानगी तुमच्याकडं हाय. लगेच द्या."

मी टीव्हीकडे बघितलं. "इथं तर हिरवं दिसतंय."

"सर, मी मशीनपुढं बसलेय."

"मॅडम, मी पडद्यापुढं उभा आहे."

"पडदा तुम्हीच रंगवलाय ना, सर?"

शेजारी एक पालक कान देऊन ऐकत होते. मी फोन बंद केला. पुन्हा आला, कापला. पुन्हा आला, तेव्हा आवाज बंद करून मोबाइल शर्टाच्या खिशात टाकला. आता कापूस बांधावा लागत नाही, कंपनीच बटण देते.

हिरवं का दिसत होतं, ते सांगायला हवं. डिस्क इतकी गच्च भरली होती की सर्व्हरला स्वतःची नाडी लिहून पाठवायलाही जागा उरली नव्हती. आकडे यायचे थांबले होते, आणि टीव्हीवर शेवटचा आलेला आकडा तसाच गोठून राहिला होता, नव्व्याण्णवच्या जरा खाली, हिरवा. मेलेल्या माणसाच्या मनगटावर घड्याळ चालू असावं तसा. आकडे थांबल्याचा इशारा मीच बंद केला होता. आणि कुणी जिवंत माणूस ओरडून सांगत होतं, त्याला मी खिशात टाकलं होतं.

बातमी लातुरात आली ती नांदेडला थांबलेल्या पालकांच्या फोनवरून. स्वागतकक्षात कुजबुज सुरू झाली, मग आवाज चढले. सर माझ्याजवळ आले. हसरा चेहरा तसाच ठेवून, ओठ न हलवता त्यांनी विचारलं, "नांदेडहून काही कळवलंय का?"

"नाही," मी म्हणालो.

त्या वेळी माझ्या खिशात मोबाइल उजळत होता. पांढऱ्या शर्टातून उजेड बाहेर दिसत होता. सरांनी जरा मान खाली केली असती तर दिसला असता. पण तेही टीव्हीकडेच बघत होते.

मग मी आत गेलो, परवानगी दिली, बाईंनी तिकडे जागा मोकळी केली. परीक्षा रद्द करून पुढच्या रविवारी घेतली. मुलांचं फारसं नुकसान झालं नाही. पण पालकांपुढे कुणाला तरी उभं करायला हवं होतं, आणि ते कुणीतरी लातूरचं असून चालणार नव्हतं.

बाई दुसऱ्या दिवशी स्वतः लातूरला आल्या. त्यांनी सरांच्या टेबलावर मोबाइल ठेवला, फोन केल्याचं दाखवलं. सरांनी मला बोलावलं. "काका, फोन तर आलता म्हणं."

मी बाईंकडे न बघता म्हणालो, "आला असेल. पण आवाज येत नव्हता. लाइन खराब होती."

ज्यानं आयुष्य टेलिफोन खात्यात काढलं, तो लाइन खराब होती म्हणतो. त्यावर कोण शंका घेणार? सरांनी मान डोलावली. बाहेर आल्यावर जिन्यात बाई एवढंच म्हणाल्या, "सर, आवाज येत होता एवढं तरी सांगा त्यांना. बाकीचं मी बघते."

"बघतो," मी म्हणालो.

महिन्याभरानं मला शाल आणि नारळ मिळाला. पुढं मी तब्येतीचं कारण देऊन नोकरी सोडली. तब्येत ठणठणीत होती. ग्रुप सोडला, तरी तो फोन आणि जिना डोक्यातून जाईना. मनाची समजूत काढत होतो की शिकलेल्या बाई आहेत, कुठंतरी लागल्या असतील, विसरल्याही असतील. आपण ज्याचं वाईट केलं तो विसरला असेल असं वाटणं ही फार सोयीची गोष्ट आहे.

गेल्या उन्हाळ्यात नांदेडला एका लग्नाला गेलो होतो. पंगतीत शेजारी एक निवृत्त मुख्याध्यापक बसले होते, माझ्याच वयाचे. मोठे बोलके. वरण-भातावर तूप पडायच्या आत त्यांनी समोरच्या चौघांना गोष्ट सांगायला सुरुवात केली.

"आमच्या सूनबाईंचं ऐकलं का? एका रविवारी सगळ्या मराठवाड्याची परीक्षा बंद पाडली! एका बाईनं! शिक्षण खात्यानं जे पन्नास वर्षांत जमवलं न्हाई ते!"

चौघं हसले.

"आता पुन्हा नोकरी करायची म्हणतेत. दवाखान्यातले कॉम्प्युटर सांभाळायचे. म्हणलं, बाई, पोरांची परीक्षा परत घेता येती. पेशंटची कशी घ्यायची?"

पुन्हा हशा. मग गुरुजी माझ्याकडे वळून म्हणाले, "तिचे साहेब मात्र देवमाणूस म्हणं. त्यांनी सावरलं. कसंय, अनुभव लागतो."

वाढप्या जिलेबी घेऊन आला. मला साखर आहे, मी गोड खात नाही. तरी दोन घेतल्या. तोंड बंद ठेवायला काहीतरी लागतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पत्ता काढून मी त्यांच्या घरी गेलो. विष्णुपुरीच्या वाटेवर नव्या वस्तीत घर होतं. दार बाईंनीच उघडलं. ओळखलं. आत या म्हणायच्या आधी त्यांनी विचारलं, "आवाज येतोय ना, सर?"

मी मान खाली घातली. म्हणालो, माफी मागायला आलोय.

"मला काय सांगायलाव?" त्या म्हणाल्या. "मला माहीतच हाय की. फोनच्या दुसऱ्या टोकाला मीच होते."

"तरीपण..."

"हे बघा सर, दवाखान्याची नोकरी मी धरणारच हाय. त्याला कुणाची परवानगी लागत न्हाई. सोमवारी रुजू व्हायचंय. पण रोज ताटावर बसलं की सासरे ती गोष्ट काढतेत. पाहुणे आले की पोह्याच्या आधी ती गोष्ट येती. माझी पोरगी आता ती पाठ म्हणून दाखवती, हातवाऱ्यांसकट. तुमची माफी घेऊन मी करू काय? लोणचं घालू? ज्यांना माहीत न्हाई त्यांना सांगा. आत बसलेत."

आत गुरुजी पेपर वाचत होते. मला बघून खूश झाले. "अरे! कालचे जिलेबीवाले! या, या. गोड खाणारा माणूस मनानं स्वच्छ असतो."

मी बसलो आणि सगळं सांगितलं. मर्यादा, टीव्ही, फोन, खिसा. मध्ये थांबलो नाही, कारण थांबलो असतो तर पुढं गेलो नसतो. गुरुजींनी पेपराची घडी घातली आणि वर्गात तोंडी परीक्षा घ्यावी तसं विचारू लागले.

"म्हणजे फोन आला होता?"

"हो."

"आवाज?"

"स्वच्छ होता."

"आणि ते लाल-हिरवं?"

"मीच ठरवलं होतं."

"मग काल पंगतीत का बोलला न्हाईत? मी चार माणसांत सांगत होतो."

"तोंडात जिलेबी होती."

गुरुजी हसले नाहीत. उठून खिडकीशी गेले, परत येऊन बसले. त्यांना सुनेचं वाईट वाटत असेल असं मला वाटलं. ते म्हणाले, "अहो, मी मास्तर माणूस! जन्मभर पोरांना खरं बोला म्हणून शिकवलं. तुम्ही मला खोटारडं ठरवलंत. मी ही गोष्ट कुठं-कुठं सांगितली माहीत हाय का? हास्य क्लबात सांगितली. पेन्शनरांच्या बैठकीत सांगितली. माहूरला दर्शनाला गेलो तर अख्ख्या बसला सांगितली. हिमायतनगरला आक्काला सांगितली. आता लोक काय म्हणतील? माझं नाव गेलं की हो!"

बाई दारात उभ्या होत्या. "मामा, तुमचं नाव जाऊन किती वेळ झाला? पाच मिनिटं? कसं वाटायलंय?"

गुरुजींनी घडी घातलेला पेपर पुन्हा उघडून तोंडापुढं धरला. मुख्याध्यापकाला मी असं पहिल्यांदाच बघितलं.

"जिथं-जिथं सांगितलं तिथं जा," बाई म्हणाल्या. "दोघंबी जा."

"उन्हाचं?"

"मग टोप्या घाला."

मी लग्नघरीच मुक्काम वाढवला, आणि अशी आम्हा दोघा म्हाताऱ्यांची फेरी निघाली. गुरुजींच्या स्कूटरवर, मी मागे. पहिल्यांदा हास्य क्लब. तिथं मी सगळं सांगितलं आणि सगळे खो-खो हसले, कारण त्यांचा तो हसायचाच वेळ होता. पुन्हा सांगायला लागलो तर म्हणाले, आता ओंकार आहे. पेन्शनरांच्या बैठकीत शांतपणे ऐकून घेतलं. मग एक गृहस्थ गुरुजींना म्हणाले, "तुमची आधीची गोष्ट जास्त चांगली होती." दुसरे माझा हात हातात घेऊन म्हणाले, "काय मोठं मन हो तुमचं! बाईमाणसाची चूक स्वतःच्या अंगावर घेताय." मी जीव तोडून सांगत होतो की अंगावर घेत नाही, ती माझीच आहे. ते तितक्याच प्रेमानं मान हलवत होते. तेव्हा मला कळलं की माणसांच्या कानांनाही मर्यादा ठरवून दिलेल्या असतात. सुनेची चूक म्हटली की सत्तरलाच घंटा वाजते. ज्येष्ठ माणूस स्वतःच्या तोंडानं सांगतोय तरी शंभरलासुद्धा हिरवंच.

सोमवारी बाई दवाखान्यात रुजू झाल्या. आमची फेरी संपायची वाट त्यांनी बघितली नाही. आम्ही मात्र फिरत राहिलो. कारण संध्याकाळी त्यांच्या घरी आलो की त्या विचारायच्या, "आज कुठं?" आणि गुरुजींना खाली मान घालून उत्तर द्यावं लागायचं. मुलीनं जुनी गोष्ट म्हणायचं अजून सोडलं नव्हतं.

माहूरच्या बसमधली माणसं आता सापडणार कुठं? राहता राहिली हिमायतनगरची आक्का, गुरुजींची थोरली बहीण. गुरुजी म्हणत होते तिला राहू द्या, तिला ऐकू येत नाही. बाई म्हणाल्या, तुमची गोष्ट बरी ऐकू आली होती. मग एसटीनं गेलो.

आक्का ओट्यावर बसून चिंचा फोडत होती. गुरुजींनी मला पुढं केलं. मी हात जोडून हळू आवाजात सुरुवात केली.

"मोठ्यानं बोल, बाबा," आक्का म्हणाली. "कान गेलेत माझे."

"सूनबाईंची चूक नव्हती, आक्का!"

"आणखी मोठ्यानं."

मी ओट्याखाली उभा राहिलो आणि ओरडलो. फोन आला होता म्हणून ओरडलो. आवाज येत होता म्हणून ओरडलो. मी खोटं बोललो, चूक माझी होती, असं त्या गल्लीत भर दुपारी बेंबीच्या देठापासून ओरडलो. समोरच्या घरातली बाई धुणं तसंच टाकून बाहेर आली. पिठाच्या गिरणीवाल्यानं पट्टा थांबवला. गुरुजी दुसरीकडं बघायला लागले.

आक्कानं सगळं नीट ऐकून घेतलं. चिंचेचा हात पदराला पुसला. मग भावाला विचारलं, "ह्योच का तिचा साहेब?"

"हाव," गुरुजी म्हणाले.

आक्का माझ्याकडे वळली. "एवढा आवाज हाय की तुला. मग तवा काय झालतं घशाला?"

मग ती समोरच्या बाईकडे बोट करून म्हणाली, "ही मधूनच आली. हिला बी सांग, पहिल्यापासून."

मी घसा खाकरला आणि पहिल्यापासून सांगायला लागलो.